चिकाची बाटली

आई-बाबा सिंगापूरला आले ते माझ्या बाळंतपणासाठी. मला आठवा लागला होता. त्यांच्या बॅगेतून डिंक निघाला, आळीव निघाले, बाळंतशोपा निघाल्या, आईच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी निघाली. हे सगळं येणार हे मी धरूनच चालले होते. पण शेवटी एक प्लास्टिकची मोठी बाटली निघाली. आधी वर्तमानपत्रात, मग साडीत, मग रेक्झिनच्या पिशवीत गुंडाळलेली. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर ती सोडली, तेव्हा आत अजून बर्फाचा गोळा होता.

"चीक आहे. आपल्या गाईचा, पहिल्या दिवसाचा," बाबा म्हणाले. "महिना झाला, तुझ्यासाठी फ्रीजरमध्ये ठेवला होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथं दुधाचं काही आणायचं म्हणजे नियम आहेत, विचारून आणायचं असतं, आणि ही माणसं कच्चा चीक लुगड्यात बांधून विमानात घालतात! कुणी बॅग उघडली असती तर काय सांगणार होतात, असं मी भर दुपारी आवाज चढवून विचारलं. आई सोडलेल्या साडीची घडी घालत राहिली. बाबा नेहमीसारखे माझ्याकडे न बघता हसले आणि म्हणाले की उकळून आणायचं मनात होतं, पण उकळलेल्या चिकाचा खरवस कसा करणार? त्यात मात्र चूक काही नव्हती. चीक तापवला की तो थिजतो. न्यायचा तर कच्चाच न्यावा लागतो.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर कराडजवळ, गावाकडच्या घरामागं त्यांनी गोठा बांधला. पेन्शनवर दोघांचं नीट भागत होतं, गाई हौसेच्या होत्या. हयातभर इंजिनात हात घातलेला माणूस, त्यामुळे गाईचंही सगळं स्वतःच करायचं, हा हट्ट. कॅल्शियमची सलाईन तेच लावत. जंताचं औषध तेच पाजत. गोचीड मारायचं औषध फवारायचं, कासेला सूज आली की शेकायचं, सुई टोचायची, सगळं तेच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सिरिंज, सुया आणि जखमेवर मारायचा जांभळा फवारा असे. त्यांचे गावातले मित्र त्यांना चेष्टेनं डॉक्टर म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

लाळ्या-खुरकूताची लस त्यांनी कधी चुकवली नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले की स्वतः एकेक जनावर धरून उभे राहायचे. पण पाडीला लहान वयात एकदाच टोचतात, ती एक लस मात्र त्यांनी कधी घेऊ दिली नाही. तिच्यात जिवंत जंतू असतात म्हणे, धडधाकट पाडीला आपल्या हातानं कशाला आजारी पाडायचं, असं त्यांचं म्हणणं. बाजारातून नवी गाय आणली तर तिला काही दिवस वेगळी बांधा, तिचं रक्त तपासून घ्या, असंही डॉक्टर सांगत. बाबा मान डोलवत आणि तिला नेऊन बाकीच्यांच्याच ओळीत बांधत. एकटं जनावर खात नाही, असं ते म्हणत. हातमोजे तर त्यांनी आयुष्यात घातले नाहीत. त्यातून हाताला काही कळत नाही, असं ते म्हणत.

हे सगळं मी दर रविवारी फोनवर ऐकायची आणि हूं हूं करायची. मी एका ऑफिसात हिशेब तपासणारी बाई. मला गाईचं काय करायचं होतं?

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माझं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात काही शब्द बंदच झाले. कुणाचं काही वाईट झालं, कुणाची वेळेआधी झाली, असलं काही माझ्यासमोर निघत नसे. टीव्हीवर तसं काही लागलं की आई उठून चॅनेल बदलायची. कुणी कुणाला बजावलं नव्हतं. सगळे आपोआप जपून बोलायला लागले होते, आणि या खेपेला तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी खरवस करायचा ठरला. खोटं कशाला बोलू, सकाळपर्यंत माझा राग मावळला होता आणि तोंडाला पाणी सुटलं होतं. आईनं चिकात दूध घातलं, गूळ विरघळवला, वेलदोडा-जायफळ घातलं. पहिला खरवस देवाला, म्हणून नैवेद्याआधी कुणी चव बघायची नाही. मी देवाधर्माच्या बाबतीत तशी वाह्यातच. आई कुकरची शिट्टी काढायला वळली, तशी मी डाव बुडवला आणि चाटला. मग म्हटलं, गूळ थोडा कमी आहे गं. तुला कसं कळलं, म्हणून आईनं विचारलं, तर म्हटलं रंगावरून. ती हसली आणि तिनं गुळाचा आणखी एक खडा टाकला.

खरवस काय झाला होता! माझा नवरा जुरोंग आयलंडवर एका प्लांटमध्ये इंजिनियर आहे. संध्याकाळी कंपनीच्या बसनं दमून आला, आणि जेवायच्या आधी त्यानं ताटलीभर खाल्ला.

बाबांना ताप यायला लागला तो त्याच आठवड्यात. आधी त्यांनी सांगितलंच नाही. संध्याकाळ झाली की शाल पांघरून बसायचे आणि एसी बंद करा म्हणायचे. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. ते म्हणाले, काही नाही, हवा बदलली. गाईचे कान बघतात तसे स्वतःचे कान चाचपून म्हणाले, गारच आहेत की. सकाळी बनियन पिळून काढावं इतका घाम. दिवसा बरे असायचे, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

आमच्या ब्लॉकखाली तेव्हा डेंग्यूचा लाल बॅनर लागला होता. त्यामुळे मला डेंग्यूच वाटला, आणि मी स्वतःच्याच जिवाला घाबरले, कारण मला पोटात बाळ असताना डेंग्यू परवडणार नव्हता. सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या मी उचलून टाकल्या. खालच्या क्लिनिकमध्ये रक्त तपासलं. डेंग्यू नव्हता. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं आणि ताप राहिला तर पुन्हा या म्हणाले.

ताप राहिला, मग गेला. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत परत आला, आणि या वेळी कंबर धरून आला. पेंडीचं पोतं एकटे उचलणारे बाबा संडासातून उठताना मला हाक मारायला लागले. मी आठव्या महिन्याची, मी काय उचलणार? दाराबाहेर मी भिंतीला टेकून उभी राहायची. त्यांना काय झालंय ते कुणालाच कळत नव्हतं.

शेवटी हॉस्पिटल. इमर्जन्सीत नेलं तसं त्यांनी दाखलच करून घेतलं. वॉर्डातली डॉक्टर तरुण होती, शांत होती, बाबांना अंकल म्हणायची. बाबांना इंग्रजी येत नाही. नवरा प्लांटमध्ये गेला की त्याचा फोन गेटवरच्या लॉकरमध्ये, संध्याकाळपर्यंत माणूस हाती लागत नाही. आईला स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटतो. तेव्हा विचारणारी डॉक्टर, उत्तर देणारे बाबा आणि मधे खुर्चीत पोट सावरत बसलेली मी, असं ते चालायचं.

डॉक्टरनं खूप विचारलं. कुठं कुठं गेला होता, डास चावले का, आधी टीबी झाला होता का, जनावरं आहेत का? गाई आहेत, मी सांगितलं. डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली. कच्चं दूध पिता का? नाही, उकळून, बाबा म्हणाले. गोठ्यात कुठलं जनावर आजारी होतं का? एवढ्यात एखादी व्याली का, व्यायच्या वेळी काही बिघडलं का? मी ते मराठीत विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "सगळं बेस आहे."

मी डॉक्टरला सांगितलं, नो, एव्हरीथिंग फाइन. माझ्याच तोंडानं सांगितलं.

त्यानंतर तपासण्याच तपासण्या. हृदयाची सोनोग्राफी झाली, कारण झडपेवर जंतू बसलेत का ते बघायचं होतं. पाठीचा स्कॅन झाला. कुणीतरी कॅन्सर हा शब्द उच्चारला, लगेच तसं म्हणायचं नाही म्हणाले, पण मी तो ऐकला होता. मी वॉर्डातून घरी यायची, एमआरटीत बसायची, फोनवर काय काय वाचायची आणि वाचता वाचता स्टेशन मागं टाकायची. आई देवापुढं बसलेली असायची. मला बघून हसायची, आणि ते हसणं मला मुळीच आवडायचं नाही.

त्यातल्याच एका सकाळी बाबांचा फोन वाजला. तो माझ्याकडे होता, कारण वॉर्डात ते फोनवर सारखे गाईंचीच चौकशी करत म्हणून मी तो काढून घेतला होता. गावाहून चुलतभाऊ बोलत होता. आमच्या मागं गोठा तोच सांभाळत होता. मी नुसतं हॅलो म्हटलं. त्याला वाटलं आईच आहे, आणि तो सुरू झाला. काकू, सरकारी डॉक्टर आलेत, पाड्यांना टोचायला. कालवड गाभडल्याचं मी त्यांना सांगितलं तर त्यांनी सगळ्या गाईंचं रक्त नेलं होतं, त्याचा रिपोर्ट आलाय. कालवडीला पण आहे आणि बाजारातून आणलेल्या गाईला पण आहे. काकांनी दोन्ही वेळेला हातानंच ओढून काढलं होतं ना, म्हणून डॉक्टर विचारतायत.

मी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं.

त्यानं आवाज खाली आणला. "काकू, ताई शेजारी नाही ना?"

"मी ताईच बोलतेय," मी म्हणाले.

पलीकडे इतकी शांतता झाली की गोठ्याच्या पत्र्यावर बसलेला कावळा मला ऐकू आला. मग त्यानं काही न बोलता फोन डॉक्टरांच्या हातात दिला.

जनावरांचे ते डॉक्टर सरळ बोलणारे होते. त्यांनी पहिलं विचारलं ते, तुमच्या वडिलांना ताप येतो का? येतो आणि जातो का? घाम, कंबरदुखी? मी हो हो म्हणत गेले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. सांसर्गिक गर्भपात. इंग्रजी नाव त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. बाजारातल्या गाईनं तो आणला असणार. ती व्याली, तिची वार अडकली, ती बाबांनी उघड्या हातानं ओढली, आणि शेजारच्याच दावणीला गाभण कालवड होती. तिला लहानपणी ती लस टोचलेली नव्हती, तिनं तो घेतला आणि सातव्या महिन्यात टाकलं. तेही बाबांनीच काढलं. वारेतून, पाण्यातून, हातावरच्या कापल्या-खरचटल्यातून तो माणसात येतो. तिथल्या डॉक्टरांना आजच सांगा, गोळ्यांनी बरा होतो, पण त्यांना माहीत पाहिजे. हाडात बसला तर माणूस लोळागोळा होतो.

मग त्यांनी विचारलं, बाजारातल्या गाईचा चीक कुणी खाल्ला का?

खरवस खाल्ला, मी म्हणाले. शिजवलेल्याला काही होत नाही, ते म्हणाले. माझा श्वास जरा मोकळा झाला, आणि दुसऱ्याच क्षणी मला तो डाव आठवला.

"मी चाटला होता," मी म्हणाले. "कच्चा. आणि मी गरोदर आहे."

त्यांनी कितवा महिना ते विचारून घेतलं. मग म्हणाले, चाटलं म्हणजे झालंच असं नाही हो. पण आज रक्त द्या. आजच.

नवऱ्याला फोन लावला. लॉकरमध्ये वाजत राहिला असेल. आई स्वयंपाकघरातून कोण आहे म्हणून विचारत होती, तिला म्हटलं ऑफिसचं काम आहे, जाऊन येते. खाली उतरून टॅक्सी केली. मागच्या सीटवर बसले आणि पोटावर हात ठेवला. बाळ हलेना. एरवी मी बसले की ते लाथ मारायचं, ड्रायव्हरनं ब्रेक मारला की मारायचं, आणि आता काही नाही. मी पोटाला बोटांनी टोचलं. माझ्या कारट्या, हल, असं मी मराठीत मोठ्यानं म्हणाले. ड्रायव्हर काकांनी आरशातून बघितलं आणि आंटी ओके आहे का, म्हणून विचारलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाळानं एकदा कूस बदलली. मला रडू फुटलं.

बाबा पलंगावर टेकून बसले होते. सकाळची वेळ, ताप नव्हता, चेहरा बरा होता. मला अवेळी आलेली बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. मी दारातूनच विचारलं.

"कालवड गाभडली?"

त्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी तो शब्द त्यांच्यासमोर म्हटलेला नव्हता, त्यांनीही माझ्यासमोर म्हटलेला नव्हता.

"गप बस," ते म्हणाले. "असलं बोलू नये तू."

मी ओरडले. आजूबाजूला पेशंट होते, तरी ओरडले. डॉक्टर रोज विचारतेय, तुमच्या पाठीत, हृदयात काय काय शोधतायत लोक, आणि तुम्ही सगळं बेस आहे म्हणून सांगता! तोंडाला कुलूप लावलं होतं का?

"पोरी, तू दोन जिवांची," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्यादेखत तो शब्द मी कसा काढू?"

"डॉक्टरला तरी सांगायचं."

"डॉक्टरला तूच सांगणार होतीस ना," ते म्हणाले.

माझ्यासाठी त्यांनी स्वतःचा आजार लपवला होता, आणि लपवायला जागा सापडली ती माझ्याच तोंडात. माझा राग कुठं गेला कळलं नाही, राहिली ती नुसती भीती.

डॉक्टर आली. मी तिला सगळं सांगितलं, गाईपासून वारेपर्यंत, गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या नावासकट. तिनं पेन खाली ठेवलं, तिथूनच लॅबला फोन केला आणि अंकलचं रक्त हाताळताना जपा म्हणून सांगितलं, कारण तपासणाऱ्या माणसालाही तो लागू शकतो. मग माझ्याकडे वळून विचारलं, घरात आणखी कुणी?

मी सांगायला लागले. इंग्रजीतच सांगत होते, पण सांगताना डाव चाटल्याची खूण माझ्या हातानं केली, आणि मग तोच हात पोटावर गेला. बाबांना इंग्रजी लागत नाही, खुणा लागतात. त्यांनी विचारलं, कच्चा? मी मान हलवली.

एसटीत असताना त्यांच्या बोटावर जॅक घसरला होता. तेव्हा ते रुमाल गुंडाळून स्वतः दवाखान्यात गेले होते. तो माणूस त्या वॉर्डात, सगळ्यांच्या समोर, तोंडावर चादर ओढून रडला. मी आणला तो चीक, मी आणला, एवढंच चादरीतून ऐकू येत होतं.

त्याच दिवशी माझं रक्त घेतलं. पुढं पुन्हा काही आठवड्यांनी घ्यायचं, कारण आता काही दिसलं नाही म्हणजे सुटलो असं नव्हे. ताप आला, घाम आला, पोटात कळ आली तर लगेच यायचं. हे सगळं डॉक्टरनं प्रेमानं सांगितलं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

घरी आले आणि आईला सांगितलं. डावाचंही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उठली, डाव घासला. पुन्हा घासला. मग ओल्या डावासकट कचऱ्याच्या शूटपाशी गेली आणि तो आत टाकला. खाली कितीतरी मजले तो भिंतीवर आपटत गेल्याचा आवाज आला. चिकाची ती बाटली तिनं तुळशीला पाणी घालायला धुऊन ठेवली होती. तीही गेली. गाभडण्याचं तिला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावर दिसतच होतं.

बाबांचा रिपोर्ट आला, तोच आजार निघाला. नवऱ्यानं ते वाचून फोन खाली ठेवला आणि म्हणाला, चला, निदान कळलं तरी. गोळ्या सुरू झाल्या, भरपूर दिवसांच्या. पुढच्या आठवड्यात संध्याकाळची शाल सुटली. माझा पहिला रिपोर्ट चांगला आला. त्याचा आनंद मला करता आला नाही. ऑफिसात बसल्या बसल्या कानशिलं गरम वाटायची, आणि मी बाथरूममध्ये जाऊन थर्मामीटर लावायची. उकाड्यानं घाम आला तरी तेच, आणि या गावात उकाडा नाही असा दिवस कुठला? मला त्या कालवडीची स्वप्नं पडत. मी तिला कधी बघितलंही नव्हतं. सातव्या महिन्यापर्यंत तिचंही सगळं नीटच चाललं असणार, असं माझ्या मनात येई, आणि मग झोप उडे.

बाबा हॉस्पिटलमधून घरी आले ते बदलूनच. माझ्या ताटाला हात लावत नसत, माझ्या खुर्चीत बसत नसत. डॉक्टरनं सांगितलं होतं की माणसाकडून माणसाला असा लागत नाही, तरी नाही. दिवसातून सतरा वेळा साबणानं हात धुवायचे. व्हिडिओ कॉलवर मात्र गोठ्याची सूत्रं त्यांनी हातात घेतली. त्या दोघींना वेगळं बांधलंस का? दूध उकळल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. हातमोजे कुठायत, दाखव. जिथं कालवडीनं टाकलं तिथं चुना मारलास का, तेही दाखव. चुलतभाऊ बिचारा फोन घेऊन कोपरा न कोपरा दाखवायचा. बाजारातल्या गाईची पाडी लशीच्या वयाला आली, तेव्हा डॉक्टरांनी सुई काढली आणि बाबा इकडून म्हणाले, जपून हो साहेब, ती सुई तुमच्या हातात जायला नको. पाडीनं उडी मारली. बाबा बघत राहिले, आणि कॉल संपल्यावरही फोन हातात धरून बसले.

माझा दुसरा रिपोर्ट बाळंतपणाच्या थोडा आधी आला. तोही चांगला. मग मुलगी झाली, वेळेवर, रडत, लाल होऊन. तिचंही रक्त तपासलं. त्यातही काही निघालं नाही. तरी तिला जरा कोमट लागलं की मी थर्मामीटर आणायची. ती सवय अजून गेलेली नाही.

तिला लशीसाठी पॉलिक्लिनिकमध्ये न्यायचं होतं, तेव्हा आम्ही चौघंही गेलो. नवऱ्यानं रजा टाकली होती. बाबांनी तिला मांडीवर घेतलं होतं, घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुऊन. नर्स मध्यमवयीन होती, हसतमुख. टोचायच्या आधी तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. बाळाला ताप आहे का, घरात कुणी आजारी आहे का? मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलायला लागले. नवऱ्याकडून शिकून घेतलेल्या इंग्रजीत. मी आजारी होतो. गाईचा आजार. माझ्या गाईचं मूल पोटात गेलं, मी हातानं काढलं, हातमोजे नाहीत. मग माझी मुलगी, ही, पोटात बाळ, कच्चा चीक. पण आता सगळ्यांचं रक्त चांगलं. मी गोळ्या पूर्ण घेतल्या. मग इंग्रजी संपलं तसं ते मराठीत म्हणाले, "गाभडली होती हो, बाई. कालवड गाभडली होती. आधीच सांगितलेलं बरं."

नर्सला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती मान डोलवून ओके अंकल, थँक यू अंकल म्हणाली आणि सुई तयार करायला लागली.

शेजारी बसलेल्या आईनं हळूच हात लांबवून बाळाच्या कानावर ठेवला. मी तो काढला.